हापूस, रत्ना, सिंधू : एका फळाचे वंशशोधन

१

हापूसची कोय पेरली, तर तिच्यातून हापूस उगवत नाही. ही गोष्ट कोकणातील कोणत्याही बागायतदाराच्या घरातील लहान मुलासही ठाऊक असते. उगवते ते आंब्याचेच झाड. त्याला यथाकाल मोहोर येतो, फळेही धरतात. पण त्या फळाचा आकार, रंग, स्वाद आणि कोयीचा जाडपणा ही सर्व त्या झाडाची स्वतःची असतात. अशा झाडास कोकणात रायवळ म्हणतात. एकाच हापूसच्या झाडाच्या दहा कोयी पेरल्या, तर दहा निरनिराळे रायवळ निपजतात, आणि त्यांपैकी एकाचे तरी फळ आईच्या तोडीचे निघेल याची शाश्वती नसते.

या साध्या निरीक्षणात फळझाडांच्या संशोधनातील सर्वांत मोठी अडचण आणि सर्वांत मोठी आशा अशा दोन्ही दडलेल्या आहेत. अडचण अशी की, उत्तम गुण बीजाच्या वाटेने पुढील पिढीकडे अखंड जात नाहीत. आशा अशी की, त्याच वाटेने एखादे वेळी पूर्वी कधी नव्हते असे उत्तम फळ जन्मास येऊ शकते. कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ साली प्रसारित केलेली ‘रत्ना’ आणि १९९२ साली प्रसारित केलेली ‘सिंधू’ या दोन जाती म्हणजे या आशेची फलश्रुती होय. त्या कशासाठी निर्माण करण्यात आल्या, कशा निर्माण झाल्या, आणि गुणांत सरस ठरूनही हापूसचे स्थान त्यांना का मिळाले नाही, हे तीन प्रश्न येथे क्रमाने विचारात घ्यावयाचे आहेत. त्यांपैकी पहिले दोन उद्यानविद्येचे आहेत. तिसऱ्याचे उत्तर मात्र केवळ बागेत सापडत नाही. ते बाजारात आणि काही अंशी भाषेतही शोधावे लागते.

२

आंब्याची संतती इतकी विविध का होते, हे समजण्यासाठी त्याच्या मोहोराकडे पाहिले पाहिजे. एका तुऱ्यात काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत फुले असतात. त्यांतील पुष्कळशी केवळ नर असतात. थोडी उभयलिंगी, म्हणजे फळ धरण्यास समर्थ असतात. फूल इतके लहान की त्याची रुंदी काही मिलिमीटरांपलीकडे जात नाही. माश्या व इतर कीटक एका झाडावरील पराग दुसऱ्या झाडावर नेतात, आणि आंब्याच्या काही जातींत तर स्वतःच्याच परागाने फळ धरत नाही. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या परक्या परागाशी संयोग होत आल्यामुळे प्रत्येक झाडाच्या ठायी भिन्न पूर्वजांचे गुण एकत्र साठलेले असतात. त्या झाडात ते एका विशिष्ट मेळाने प्रकट होतात. बीज तयार होताना तो मेळ मोडतो आणि गुणांची वाटणी नव्याने होते. म्हणूनच कोय ही आईची प्रतिकृती नसते.

याला एक अपवाद आहे. आग्नेय आशियातील पुष्कळ जातींच्या आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील काही थोड्या जातींच्या कोयीत एकाहून अधिक भ्रूण असतात. त्यांपैकी संयोगाने झालेला फार तर एक असतो. बाकीचे आईच्याच पेशींपासून निर्माण होतात, आणि त्यांच्यापासून उगवलेली झाडे आईसारखीच निघतात. हापूस, पायरी, दशेरी, लंगडा या प्रसिद्ध भारतीय जाती मात्र एकभ्रूणी आहेत. त्यांचा वंश बीजाने टिकत नाही. तो टिकवावयाचा तर कलम करावे लागते.

कलम म्हणजे एका झाडाची डहाळी दुसऱ्या रोपाच्या बुंध्याशी जोडून ती त्याच्या मुळांवर वाढविणे. पूर्वी कोकणात भेट कलम रूढ होते. त्यात कुंडीतील रोप उचलून मोठ्या झाडाच्या फांदीजवळ नेत व दोघांची साल तासून ती एकत्र बांधीत. पुढे कोय कलमाची पद्धत प्रचारात आली. त्यात नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या रोपावरच डोळकाडी बांधतात. त्यामुळे थोड्या जागेत, थोड्या काळात हजारो कलमे तयार होऊ लागली, आणि कोकणातील डोंगरउतारांवर हापूसच्या सलग बागा उभ्या राहण्यास या सोयीचा मोठा हातभार लागला.

याचा एक तार्किक परिणाम सहसा लक्षात येत नाही. कलमाने वाढविलेली सर्व झाडे ही वस्तुतः एकाच झाडाचे विस्तार होत. देवगडच्या कातळावरील कलम आणि रत्नागिरीच्या परसातील कलम ही दोन झाडे दिसतात. पण जननिक दृष्ट्या ती एकाच वृक्षाची दूरवर पसरलेली अंगे आहेत. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर ‘आंबा’ हे सामान्यनाम आहे, ‘रायवळ’ हेही सामान्यनाम आहे. परंतु ‘हापूस’ हे मुळात एका व्यक्तीचे विशेषनाम आहे. ती मूळ व्यक्ती, म्हणजे कोयीपासून उगवलेले पहिले झाड, केव्हाच नाहीसे झाले. त्याचे शरीर मात्र लक्षावधी कलमांच्या रूपाने जिवंत आहे.

३

त्या नावाचा इतिहास गोमंतकाकडे नेतो. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे जिंकले. त्यांच्या अमलात, आणि विशेषतः ख्रिस्ती धर्मगुरूंच्या मठांच्या बागांत, आंब्याच्या निवडक झाडांवर कलमे करण्याचा उद्योग वाढीस लागला. आवडलेल्या झाडांना माणसांची नावे देण्यात आली. हापूसचे नाव आफोन्सो द आल्बुकेर्क या पोर्तुगीज सेनानीवरून पडले, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. तथापि मोगल दरबाराची हकीकत लिहिणाऱ्या निकोलाव मनूची या इटालियन प्रवाशाने गोव्यातील उत्तम आंब्यांची जी नावे नोंदविली आहेत, त्यांत ‘निकुलाव आफोन्सो’ असे एक नाव आढळते. आल्बुकेर्कचा मृत्यू १५१५ साली झाला. मनूची सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व अठराव्या शतकाच्या आरंभी लिहीत होता. तेव्हा हे नाव विजेत्या सेनानीचे नसून निकुलाव आफोन्सो नावाच्या कोणा बागाईतदाराचे वा धर्मगुरूचे असावे, ही शक्यता नाकारता येत नाही. प्रसिद्ध नाव दिसले की ते प्रसिद्ध पुरुषास जोडावयाचे, ही लोकव्युत्पत्तीची नेहमीची रीत आहे.

आफोन्सोचा हापूस कसा झाला, हे ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने सहज उलगडते. पोर्तुगीज ‘फ’ हा दंतोष्ठ्य वर्ण असून जुन्या मराठी बोलीत तो नव्हता. त्याची जागा ओष्ठ्य ‘फ’ ने घेतली. पुढे त्यातील महाप्राणत्व शब्दाच्या आरंभी सरकले, आणि ‘आफूस’चे ‘हापूस’ झाले. इंग्रजी ‘ऑफिस’चे बोलीत ‘हापीस’ झाले ते याच नियमाने. दोन शब्द, दोन भाषांतून, दोन निरनिराळ्या शतकांत आले. पण मराठी जिभेने दोहोंना एकच वळण दिले. पायरी या आंब्याचे नावही पेरेस या पोर्तुगीज आडनावाशी जोडले जाते. गोव्याच्या मानकुरादाचे मूळ ‘मालकोरादा’, म्हणजे ‘रंगाने फिका’, या पोर्तुगीज शब्दांत आहे असे मानतात. हे नाव आज कोणासही निंदाव्यंजक वाटत नाही. फळाच्या गोडीने नावातील दोष पुसून टाकला आहे.

‘कलम’ हा शब्दही मनोरंजक आहे. तो अरबी-फारसीतून मराठीत आला; त्याच्या मुळाशी वेत किंवा बोरू या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. बोरू कापून लेखणी करावयाची, म्हणून कलम म्हणजे लेखणी. लेखणीने लिहिलेले विधान म्हणून कायद्याचे कलम. आणि कापून लावलेली डहाळी म्हणून झाडाचे कलम. तिन्ही अर्थांच्या तळाशी कापणे आणि कायम करणे या दोन क्रिया आहेत. लेखणी जशी बोललेला शब्द स्थिर करते, तसे झाडाचे कलम एका क्षणभंगुर व्यक्तीचे गुण स्थिर करते.

४

परंतु जे स्थिर होते, त्यात गुणांबरोबर दोषही आलेच. हापूसचा सर्वांत त्रासदायक दोष म्हणजे साका. फळ बाहेरून निर्दोष असते. रंग सोनेरी, वास मधुर, साल अभंग. कापल्यावर मात्र कोयीभोवतालचा गर फिकट, स्पंजासारखा सच्छिद्र आणि आंबट निघतो. काही फळांत त्या भागात पोकळीही पडलेली असते. १९३२ व १९३३ साली मुंबई इलाख्यातून युरोपास आंबा पाठविण्याचे प्रयोग झाले, त्यांच्या १९३४ सालच्या अहवालात चीमा व दाणी या संशोधकांनी या विकृतीचे वर्णन केले. तेव्हापासून तिच्यावर सतत संशोधन होत आले आहे. साक्याचे प्रमाण हंगामानुसार व बागेनुसार बदलते. ते सुमारे ३० टक्क्यांपर्यंत जात असल्याचे अभ्यासांत नोंदविले गेले आहे.

साक्याच्या कारणांविषयी दोन विचारधारा प्रमुख आहेत. पहिलीनुसार, तापलेल्या जमिनीतून वर येणारी उष्णता पक्व होत आलेल्या फळाच्या आत साठते आणि गरातील पिष्टाचे शर्करेत रूपांतर करणाऱ्या विकरांचे कार्य बिघडते. जांभ्या कातळावरील बागांत हे विशेष संभवते. त्यामुळे झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, फळ झाडावर पूर्ण पक्व होऊ न देता सुमारे ८५ टक्के पक्वतेस उतरवावे, आणि उतरविलेले फळ उन्हात ठेवू नये, असे उपाय सुचविण्यात आले. दुसऱ्या विचारधारेनुसार दोषाचे मूळ कोयीत आहे. फळ झाडावर असतानाच कोयीत अंकुरणाची पूर्वतयारी सुरू होते, आणि त्यासाठी ती भोवतालच्या गरातील द्रव्ये व पाणी ओढून घेते. दोन्ही मते परस्परविरोधीच आहेत असे नाही. उष्णता ही त्या आंतरिक क्रियेस चालना देणारी ठरू शकते.

कारण कोणतेही असो, बागायतदाराच्या दृष्टीने साक्याचे क्रौर्य त्याच्या अदृश्यतेत आहे. डागाळलेले फळ वेगळे काढता येते. साक्याचे फळ काढता येत नाही. ते पेटीत जाते, अढीत पिकते, घरी पोचते आणि ग्राहकाच्या ताटात उघडे पडते. तोपर्यंत मोबदला घेऊन झालेला असतो, पण विश्वास गमावलेला असतो. क्ष-किरणांच्या साह्याने असे फळ न कापता ओळखण्याचे प्रयोगही झाले आहेत. परंतु डोंगरावरच्या सामान्य बागेत त्यांचा अवलंब करणे सोपे नाही. याखेरीज हापूस आड वर्षी फळतो. एका वर्षी भरघोस पीक देणारे झाड दुसऱ्या वर्षी पालवी फोडून स्वस्थ बसते. साका आणि हा अनियमितपणा या दोन दोषांमुळेच हापूसला नवा वारस शोधण्याची गरज भासली.

५

आंब्यात हेतुपूर्वक संकर घडविण्याचे प्रयत्न भारतात १९११ साली पुणे येथे बर्न्स व प्रयाग यांनी सुरू केले. या कार्यास यश येण्यास दीर्घ काळ लागला, आणि त्याची कारणे मोहोराच्या रचनेतच आहेत. संकरासाठी आईच्या तुऱ्यातील उभयलिंगी फुले उमलण्याच्या वेळी हेरावी लागतात. प्रत्येक फुलातील परागकोश चिमट्याने खुडावा लागतो. इतर फुले काढून टाकून तुऱ्यास पिशवी बांधावी लागते. नंतर पित्याच्या फुलातील पराग कुक्षीवर लावावा लागतो. एवढे करूनही धरलेली बहुतेक फळे वाटाण्याएवढी होताच गळून पडतात. मोहोरातील हजार फुलांमागे एखादे फळ पक्वतेस पोचले तरी पुष्कळ झाले, अशी आंब्याची प्रकृती आहे. त्यातही एका फळात कोय एकच. वाटाण्याच्या किंवा भाताच्या संशोधकास एका संकरातून शेकडो दाणे मिळतात. आंब्याच्या संशोधकास शेकडो फुलांमागे मूठभर कोयी मिळतात.

त्यानंतर प्रतीक्षा सुरू होते. कोयीपासून वाढलेल्या झाडास पहिले फळ येण्यास साधारणतः पाच ते आठ वर्षे लागतात. एका वर्षाच्या फळावरून निर्णय घेता येत नाही. अनेक हंगाम पाहावे लागतात. झाड आशादायक ठरले तर त्याची कलमे करून निरनिराळ्या ठिकाणी लावावी लागतात, आणि ती फळेपर्यंत पुन्हा काही वर्षे जातात. अशा रीतीने एका संकराचा निकाल लागण्यास एका संशोधकाच्या सेवाकालाचा मोठा भाग खर्ची पडतो. संकर करणारा आणि फळ चाखणारा हे अनेकदा दोन निरनिराळ्या पिढ्यांचे असतात.

कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ साली दापोली येथे झाली. त्याच्या वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना ही जात निवडण्यात आली. नीलम हा दक्षिणेकडील आंबा. तो दरवर्षी फळतो, उशिरा पिकतो आणि साक्यापासून मुक्त असतो. दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेनेही याच गुणांसाठी नीलमचा उपयोग करून दशेरीशी त्याचा संकर घडविला, आणि मल्लिका व आम्रपाली या जाती निर्माण केल्या. रत्नाचे फळ हापूसपेक्षा आकाराने मोठे, गर नारिंगी व बिनधाग्याचा. झाड नियमितपणे फळणारे. आणि मुख्य म्हणजे फळात साका नाही. जो दोष दूर करण्यासाठी हा सर्व खटाटोप करण्यात आला, तो खरोखरच दूर झाला.

पुढील पायरी अधिक सूक्ष्म विचाराची होती. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करण्यात आला. रत्नात अर्धा वाटा हापूसचा. त्याच्याशी पुनः हापूसचा संयोग झाल्याने जी संतती निपजली, तिच्यात सरासरीने तीन चतुर्थांश वाटा हापूसचा आला. दोष गेलेला राहावा आणि हापूसचा स्वाद मात्र परत यावा, असा या उलट संकराचा हेतू. त्यातून निवडलेल्या सिंधू या जातीत साका नाहीच. शिवाय तिची कोय अतिशय पातळ, जवळजवळ नाममात्र आहे. ज्या कोयीस एका विचारधारेने साक्याचे मूळ ठरविले, ती कोयच या जातीत क्षीण झाली आहे, हा योगायोग लक्षणीय म्हणावा लागेल. मात्र त्यावरून एकदम कार्यकारणभाव प्रस्थापित करणे घाईचे ठरेल, कारण रत्नाची कोय सामान्य असूनही ती साक्यापासून मुक्त आहे.

६

संकराच्या नोंदींचे महत्त्व किती असते, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या एका सफरचंदाच्या हकीकतीवरून स्पष्ट होते. तेथे १९६० साली केलेल्या संकरातून निपजलेले एक झाड कडाक्याच्या थंडीने खराब झाले म्हणून १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस टाकून देण्याचे ठरले होते. डेव्हिड बेडफर्ड या नव्याने रुजू झालेल्या संशोधकाने त्याची थोडी कलमे शिल्लक असल्याचे पाहून त्यास आणखी एक संधी दिली. त्याची फळे आली तेव्हा त्यांचा कुरकुरीतपणा पूर्वीच्या कोणत्याही सफरचंदात नव्हता असे दिसून आले. १९९१ साली ‘हनीक्रिस्प’ या नावाने ती जात प्रसारित झाली, आणि २००६ साली मिनेसोटा राज्याने तिला आपले राज्यफळ म्हणून मान्यता दिली.

विद्यापीठाच्या नोंदीप्रमाणे या जातीचे जनक मॅकून व हनीगोल्ड हे होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी डीएनएची परीक्षा करण्यात आली, तेव्हा त्या दोहोंपैकी एकही तिचा जनक नसल्याचे सिद्ध झाले. एक जनक कीपसेक ही जात असल्याचे निश्चित झाले. दुसरा जनक २०१७ साली उघडकीस आला. ती कधीही प्रसारित न झालेली, केवळ क्रमांकाने ओळखली जाणारी एक निवड होती. नोंद चुकली होती. झाडाने मात्र आपली वंशावळ पेशीपेशीत जपून ठेवली होती. हस्तलिखितांच्या अभ्यासकांस हा प्रकार अपरिचित नाही. पोथीच्या शेवटी लेखकाने सांगितलेली परंपरा एक असते आणि पाठांच्या तुलनेने सिद्ध होणारी परंपरा दुसरीच निघते. अशा वेळी विश्वास पाठांवर ठेवावा लागतो. फळझाडांच्या बाबतीतही यापुढे वहीतील नोंद व पेशीतील नोंद या दोन्ही ताडून पाहणे आवश्यक झाले आहे.

७

आता तिसरा प्रश्न. हनीक्रिस्प हे सर्वस्वी नवे नाव असूनही त्याने बाजार जिंकला. रत्ना व सिंधू यांची लागवड होत असली, तरी कोकणातील बागा अद्याप मुख्यतः हापूसच्याच आहेत. असे का व्हावे?

पहिले कारण गुणाच्या स्वरूपात आहे. हनीक्रिस्पचा गुण भावरूप आहे. पहिल्याच घासाला तो दातांना कळतो. रत्नाचा मुख्य गुण अभावरूप आहे. तिच्यात एक दोष नाही. जो दोष हापूसमध्येही बाहेरून दिसत नाही, त्याचा अभाव रत्नामध्ये कसा दिसावा? अदृश्य वस्तूचा अभाव दाखवून विक्री करणे दुष्कर असते. उलट हापूसचा सुगंध आणि स्वाद हा भावरूप असून तो मुंबई-पुण्याच्या ग्राहकाच्या स्मृतीत बालपणापासून मुरलेला आहे. रत्नाचा स्वाद चांगला असला तरी तो तोच नाही, एवढे त्यास पुरते.

दुसरे कारण नावाच्या अर्थविस्तारात आहे. हापूस हे एका झाडाचे नाव होते. ते पुढे उत्तमतेचे नाव झाले. मराठीत एखाद्या वस्तूची श्रेष्ठता सांगण्यास ‘अगदी हापूस’ म्हटले तरी अर्थ कळावा, इतका हा शब्द प्रमाणभूत झाला आहे. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि नावाच्या अर्थात स्थलाचाही अंतर्भाव झाला. आता तेच कलम कर्नाटकात लावले तर झाड तेच राहते, पण नावाचा हक्क बदलतो. कोकणातील कलमांपासून आफ्रिकेतील मलावी देशात वाढलेल्या बागांचे फळ हिवाळ्याच्या सुमारास मुंबईच्या बाजारात येते. ते हापूस आहे की नाही, या प्रश्नाचे वनस्पतिशास्त्र एक उत्तर देते आणि कायदा दुसरे देतो. अशा स्थितीत हापूसच्याच मातीत वाढलेली, हापूसच्याच रक्ताची रत्ना ही या नावाच्या छत्राबाहेर राहते. तिला गुणांचा वारसा मिळाला. नावाचा मिळाला नाही.

नव्या जातींच्या नामकरणात याची जाणीव उमटलेली दिसते. ‘रत्ना’ व ‘सिंधू’ या नावांत रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्हानामांचा ध्वनी ऐकू येतो. त्यानंतरच्या अनेक जातींच्या नावांत ‘कोकण’ हा शब्द उघडपणे आला : लोणच्यासाठी योग्य असा ‘कोकण रुची’ आंबा, ‘कोकण राजा’, ‘कोकण सम्राट’, कोकमाची ‘कोकण अमृता’. फळे उतरविण्याच्या सुधारित साधनासही विद्यापीठाने ‘नूतन झेला’ असे नाव दिले, आणि बागेतला जुना शब्द टाकून न देता त्यालाच नवे विशेषण जोडले. हा झेला कोकणात सर्वत्र पोचला, यात त्याच्या उपयुक्ततेइतकाच नावाच्या ओळखीचाही वाटा असावा.

८

हा केवळ नावांचा विनोद नव्हे. एका सबंध प्रदेशाची उपजीविका एकाच झाडाच्या कलमांवर अवलंबून असणे धोक्याचे असते. सर्व झाडे जननिक दृष्ट्या एकच असल्याने जी कीड, जो रोग किंवा जे हवामान एकास सोसत नाही, ते कोणासच सोसत नाही. मोहोराच्या वेळी पडणारा अवकाळी पाऊस, लांबलेली थंडी, अकाली उष्णता, तुडतुडे, भुरी व फुलकिडी यांच्यामुळे हापूसचे पीक गेल्या काही वर्षांत वारंवार अनिश्चित झाले आहे. हवामान पालटत असताना नव्या गुणांच्या मेळाची गरज वाढते. आणि नवे मेळ कलमातून मिळत नाहीत, ते कोयीतूनच मिळतात. कलम जपणूक करते. नवनिर्मिती बीजाचे काम आहे.

याच ठिकाणी उपेक्षित रायवळाचे महत्त्व पुढे येते. गावोगावच्या परसांत, देवळांच्या आवारांत आणि बांधांवर उभे असलेले रायवळ ही प्रत्येकी एकमेव व्यक्ती आहे. तिची दुसरी प्रत कोठेही नाही. कोणाचे फळ रसाळ, कोणाचे टिकाऊ, कोणाची कैरी लोणच्यास कडक राहणारी, कोणाचा मोहोर उशिरा येऊन अवकाळी पावसातून वाचणारा. उद्याच्या संकरास लागणारे गुण याच झाडांत विखुरलेले आहेत. पण अशी झाडे फळ्यांसाठी व जळणासाठी तोडली जातात, आणि त्यांच्या जागी हापूसचे कलम लावले जाते. तोडणाऱ्याचा त्यात दोष नाही. रायवळास भाव नाही आणि हापूसला आहे.

या रायवळांना कित्येकदा घरगुती नावे असतात. कोणी आकारावरून, कोणी वासावरून, कोणी जागेवरून, कोणी लावणाऱ्या पूर्वजावरून नाव ठेवलेले असते. ते नाव त्या घराच्या किंवा वाडीच्या बाहेर कोणास ठाऊक नसते. तथापि त्यात पिढ्यांच्या निरीक्षणाचा सारांश असतो. नाव विसरले गेले की झाड ‘एक रायवळ’ एवढेच उरते, आणि निनावी झाडावर कुऱ्हाड लवकर पडते. यासाठी उद्यानविद्येच्या अभ्यासकांनी डहाळ्या गोळा करीत असतानाच भाषेच्या अभ्यासकांनी त्यांच्यासमवेत जाऊन नावे, त्यांचे उच्चार, त्यांचे स्पष्टीकरण आणि झाडाचे स्थान यांची नोंद करणे इष्ट आहे. वृद्धांची पिढी हयात आहे तोवरच हे काम होऊ शकेल.

हापूस हेही एके काळी कोयीपासून उगवलेले एक निनावी रोपटे होते. कोणीतरी त्याचे फळ चाखले, त्यास नाव दिले आणि त्याची डहाळी कापून दुसऱ्या झाडावर बांधली. रत्ना व सिंधू यांच्या निर्मितीत तीच तीन कृत्ये शास्त्रशुद्ध रीतीने पुन्हा घडली. आज रत्नाची बाजारात किंमत काय येते, यावरून या संशोधनाचे मोल ठरविणे योग्य होणार नाही. हापूसमधील दोष अपरिहार्य नाही, तो वंशातून दूर करता येतो, हे या दोन जातींनी सिद्ध केले आहे. हा पुरावा हाती आहे आणि रायवळांचा साठा शिल्लक आहे, तोवर कोकणच्या आंब्याचा वंश एकाच नावाशी संपण्याचे कारण नाही.